ग्रहांच्या अफवा आणि दृक्प्रत्ययाची परंपरा



ऑगस्ट महिना उजाडला की एक निरोप घरोघरी फिरू लागतो. 'येत्या २७ तारखेच्या रात्री मंगळ चंद्राएवढा दिसेल. आकाशात दोन चंद्र दिसतील. अशी संधी आपल्या हयातीत पुन्हा येणार नाही. सर्वांना कळवा.' हा निरोप पूर्वी ई-मेलने येत असे, पुढे मोबाइलवर येऊ लागला आणि त्यानंतर चित्रासह व्हॉट्सॲपवर आला. चित्रात समुद्रावर दोन गोल उगवलेले असतात, एक रुपेरी आणि एक तांबूस. घरातील लहान मूल ते चित्र पाहून हरखून जाते. रात्री वडिलांचा हात धरून गच्चीवर जाते. आभाळ बहुधा श्रावणातल्या ढगांनी भरलेले असते. क्वचित ते निवळले, तर एखादा तांबूस ठिपका दिसतो; पुष्कळदा तोही दिसत नाही. मूल विचारते, "बाबा, दुसरा चंद्र कुठे आहे?" वडिलांपाशी उत्तर नसते.

ही घटना वरकरणी क्षुल्लक वाटते. त्या रात्री कुणाचे धन लुटले जात नाही, कुणाला इजा होत नाही. तरीही त्या मुलाच्या मनातून काहीतरी हरवते. आकाशात पाहण्याजोगे काही नसते, असे तरी त्याला वाटू लागते, नाहीतर मोठी माणसे स्वतः न पाहता बोलतात, हे तरी त्याच्या ध्यानात येते. ज्या समाजाने हजारो वर्षे आकाश पाहून आपली कालगणना, आपले सण आणि आपली शेतीची कामे बेतली, त्या समाजाच्या घरात हे घडावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

एका वाक्याची फाटाफूट

या निरोपाचे मूळ खोटे नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या खरोखरच फार जवळ आला होता. त्या दिवशीचे अंतर होते सुमारे ५ कोटी ५७ लाख किलोमीटर. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता आणि यापुढे २८ ऑगस्ट २२८७ पर्यंत याहून जवळ येणार नाही. शुक्र त्या वेळी सूर्यतेजात लपलेला असल्यामुळे रात्रीच्या आकाशात चंद्राखालोखाल तेजस्वी असा मंगळच होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना तो निखाऱ्यासारखा स्थिर तेजाचा ग्रह आजही आठवत असेल.

त्या वेळच्या मूळ पत्रात लिहिले होते की, पंचाहत्तर पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून पाहिल्यास मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्णचंद्राएवढा दिसेल. हे विधान बरोबर होते. परंतु वाक्य दोन ओळींत तुटले होते. पत्र हातोहात फिरताना दुर्बिणीची ओळ गळाली आणि 'नुसत्या डोळ्यांना पूर्णचंद्राएवढा दिसेल' एवढेच शिल्लक राहिले. पुढे सालही गळाले. २००५ पासून हा निरोप जणू दरवर्षीचा झाला. निम्मे वाक्य आणि बिनसालाची तारीख एवढ्या भांडवलावर एक अफवा वर्षानुवर्षे जगत आली आहे.

यातील सर्वांत मौजेची गोष्ट घरातल्या पंचांगातच लिहिलेली होती. २७ ऑगस्ट २००३ या दिवशी श्रावण अमावास्या होती. ज्या रात्री दोन चंद्र दिसायचे होते, त्या रात्री आकाशात एकही चंद्र नव्हता! भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नजर टाकली असती, तरी हा निरोप पुढे गेला नसता. पुढच्या वर्षांची कथा याहून निराळी नाही. २०१९ च्या २७ ऑगस्टला मंगळ सूर्याच्या इतका जवळ होता की तो कुणालाही दिसणे शक्य नव्हते. निरोपात मात्र तो चंद्राएवढाच राहिला.

कला आणि विकला यांचा हिशेब

आकाशातील वस्तू केवढी दिसते हे मोजण्याची मापे आपल्याकडे फार जुनी आहेत. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. पूर्णचंद्राचे बिंब सुमारे तीस कलांचे, म्हणजे अठराशे विकलांचे दिसते. २००३ मध्ये, साठ हजार वर्षांतील त्या विक्रमी रात्री, मंगळाचे बिंब केवळ पंचवीस विकलांचे होते. याचा अर्थ चंद्राच्या व्यासाचा बहात्तरावा भाग. साधारण डोळ्याला एका कलेहून लहान वस्तू बिंदूसारखीच दिसते. म्हणून मंगळ कितीही जवळ आला, तरी दुर्बिणीवाचून तो तेजस्वी बिंदूच राहणार.

हे घरच्या घरी पडताळता येते. हात लांब करून चिमटीत वाटाण्याचा एक दाणा धरावा; तो पूर्णचंद्राला झाकून टाकतो. तोच दाणा साठ मीटर दूर ठेवून पाहावा. विक्रमी रात्रीचा मंगळ एवढाच होता.

आता थोडी कल्पना करू. मंगळाचा व्यास ६,७९२ किलोमीटर आणि चंद्राचा ३,४७४ किलोमीटर, म्हणजे मंगळ चंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंद. तो चंद्राएवढा दिसायचा तर त्याने साडेसात लाख किलोमीटरवर यायला हवे. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. त्याच्या दुपटीएवढ्या अंतरावर मंगळासारखा जड गोल आला असता, तर त्याच्या ओढीने समुद्राला चंद्राइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, भरती आली असती. रत्नागिरी-मालवणच्या कोळ्याला ती बातमी कुठल्या निरोपातून कळावी लागली नसती. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या त्याच्या होडीनेच ती सांगितली असती.

जवळिकीचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर मंगळयानाचा प्रवास आठवावा. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले ते यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. दहा महिन्यांहून अधिक काळ ते चालत राहिले. आपल्या शास्त्रज्ञांनी ग्रह कधी कुठे असेल याचे अचूक गणित केले आणि पहिल्याच प्रयत्नात ते साधले. मंगळ पाहण्याची खरी रीत ही होय.

युती : दिसणे आणि असणे

दुसरी अफवा याहून जुनी आणि याहून भयकारी आहे. 'सर्व ग्रह एका रेषेत येणार, त्यांच्या एकत्रित ओढीने भूकंप होणार, समुद्र खवळणार.' ज्येष्ठ मंडळींना १९६२ सालची अष्टग्रही आठवत असेल. त्या वर्षी फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना रवी, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे सात आणि आठवा केतू मकर राशीत आले होते. देशभर भीतीचे वातावरण पसरले. ठिकठिकाणी यज्ञयाग, पारायणे, अखंड नामस्मरण झाले. ५ फेब्रुवारी उजाडली आणि मावळली. ६ तारखेला दूधवाला नेहमीच्या वेळी आला.

त्या अष्टग्रहीचा नीट विचार केला तर काय दिसते? आठवा जो केतू तो आकाशातील गोल नव्हे; चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्यांपैकी तो एक बिंदू. अमावास्येला सूर्य-चंद्र या बिंदूपाशी असले की सूर्यग्रहण होते. ५ फेब्रुवारी १९६२ ला तसे ग्रहण झालेही. त्याची खग्रास स्थिती भारतापासून दूर, प्रशांत महासागराच्या बाजूला दिसली. उरलेले सात गोल सुमारे सोळा अंशांच्या पट्ट्यात होते. पण त्यांत सूर्यच असल्याने बाकीचे ग्रह त्याच्या तेजात बुडालेले. ज्या दृश्याला देश घाबरला, ते दृश्य दिसणारच नव्हते! ५ मे २००० रोजीही हेच घडले. सूर्य, चंद्र आणि डोळ्यांनी दिसणारे पाचही ग्रह सुमारे सव्वीस अंशांत आले, जगबुडीच्या बातम्या उठल्या आणि विरल्या.

ही भीती केवळ आपल्याकडेच आहे असे कुणी समजू नये. ११८६ च्या सप्टेंबरमध्ये ग्रह तुळेत एकत्र आले, तेव्हा सारा युरोप एका पत्राने हादरला होता. टोलेडोचे पत्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. १९७४ मध्ये जॉन ग्रिबिन आणि स्टीफन प्लेजमान या दोन लेखकांनी तर शास्त्राच्या भाषेत पुस्तक लिहून सांगितले की, १९८२ साली ग्रह सूर्याच्या एका बाजूला आल्याने कॅलिफोर्नियात मोठा भूकंप होईल. १९८२ चा मार्च आला आणि गेला. भूकंप झाला नाही. अफवेला धर्म नसतो आणि देशही नसतो. ती धोतर नेसून येते तशी कोट घालूनही येते.

ओढीचा हिशेबही सोपा आहे. समुद्राला भरती आणणारी ओढ अंतराबरोबर फार वेगाने घटते. शुक्र हा पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणारा ग्रह. तो अगदी जवळ असतानाही त्याची ही ओढ चंद्राच्या ओढीच्या दहा हजाराव्या भागाहून कमी असते. गुरू प्रचंड खरा, पण इतका दूर की त्याची ओढ चंद्राच्या एक लाखाव्या भागालाही पोहोचत नाही. ज्या चंद्राची भरती-ओहोटी आपण रोज पाहतो, त्याच्यापुढे साऱ्या ग्रहांची बेरीज नगण्य आहे.

मग ग्रह एका रेषेत येतात म्हणजे काय होते? पृथ्वी आणि इतर ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. बुधाची कक्षा सात अंशांनी कललेली, इतरांची त्याहूनही कमी. त्यामुळे ग्रह आकाशात केव्हाही पाहा, ते क्रांतिवृत्ताच्या आसपासच दिसणार. आपले राशिचक्र त्याच पट्ट्यात बसविले आहे, ते उगाच नव्हे. म्हणजे ग्रह एका ओळीत दिसणे हा अपवाद नव्हे, तो नित्याचा नियम आहे. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ एकाच वेळी दिसत होते. ते पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत पसरलेल्या विशाल कमानीवर होते. मोबाइलवर मात्र मोत्यांच्या सरासारखे, बोराएवढाले ग्रह एकाखाली एक टांगलेले चित्र फिरत होते. ते पाहून बाहेर आलेल्यांनी 'काहीच दिसले नाही' म्हणत दार लावून घेतले आणि डोक्यावरची ती खरी, देखणी कमान तशीच पाहायची राहिली.

२१ डिसेंबर २०२० ची गुरू-शनी युती हे याचे दुसरे उदाहरण. त्या संध्याकाळी दोन्ही ग्रह सहा कलांच्या अंतरावर, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाचव्या भागाएवढे जवळ दिसले. इतकी निकट युती १६२३ नंतर झाली नव्हती. 'दोन ग्रह एकमेकांवर आदळणार' असेही काहींनी सांगितले. प्रत्यक्षात त्या क्षणी शनी गुरूच्या मागे सुमारे ७३ कोटी किलोमीटर दूर होता. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाहताना जवळचे गलबत आणि क्षितिजावरचे जहाज एकमेकांना खेटलेले दिसावे, तसाच हा प्रकार.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. सूर्यसिद्धांतात ग्रहयुतीसाठी स्वतंत्र अध्याय आहे. त्यात युतीचे गणित सविस्तर दिले आहे, युतीचे प्रकारही सांगितले आहेत. परंतु हे सारे सांगून झाल्यावर ग्रंथकाराने स्पष्ट केले आहे की, ही लोकांच्या शुभाशुभासाठी केलेली कल्पना आहे; ग्रह आपापल्या मार्गाने, एकमेकांपासून दूर राहूनच जात असतात. दिसणे वेगळे आणि असणे वेगळे, हा विवेक त्या ग्रंथातच आहे. युतीची भीती घालणारा परंपरेचे नाव घेतो, पण परंपरेचा हा शेवटचा शब्द सांगायचा विसरतो.

वक्री, अस्त आणि शुक्राची चांदणी

'मंगळ वक्री झाला', 'शुक्राचा अस्त झाला' हे शब्द मराठी घरांत रोजचे आहेत. त्यांचा अर्थ मात्र धूसर झाला आहे. वक्री म्हणजे ग्रह खरोखर उलटा फिरू लागतो, अशी अनेकांची समजूत असते. लोकल गाडीतून जाणाऱ्याला याचे उत्तर चटकन सापडावे. जलद गाडी शेजारच्या रुळावरील धिम्या गाडीला मागे टाकते, तेव्हा क्षणभर ती धिमी गाडी मागे जात आहे असा भास होतो. पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, मंगळाला ६८७ दिवस लागतात. साधारण सव्वीस महिन्यांनी पृथ्वी मंगळाला मागे टाकते आणि त्या सुमारास सुमारे अडीच महिने मंगळ ताऱ्यांमधून मागे सरकताना दिसतो. सूर्यसिद्धांताने ग्रहांच्या वक्र, कुटिल, मंद, शीघ्र अशा आठ प्रकारच्या गती नोंदविल्या, त्या रात्रीमागून रात्र जागून केलेल्या निरीक्षणांतून. आकाश न पाहता कुणाला कुटिल आणि मंद यांतील भेद कळला नसता.

अस्ताचेही तसेच. शुक्राचा अस्त म्हणजे शुक्र नाहीसा होणे किंवा निस्तेज होणे नव्हे. तो आपल्या दृष्टीने सूर्याच्या इतका जवळ जातो की तेजात दिसत नाही. कधी हा लोप थोड्या दिवसांचा असतो, कधी दीड-दोन महिन्यांचा. विवाहमुहूर्ताचा निर्णय ज्याने त्याने आपल्या कुलाचाराप्रमाणे करावा. पण आकाशात काय घडते हे मुलांना नीट सांगावे. पहाटेची शुक्राची चांदणी आणि सायंकाळी पश्चिमेला चमकणारा तारा हे दोन नव्हेत, एकच आहेत. शुक्र सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांहून फार दूर जात नाही, म्हणून तो सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी साधारण तीन तासच दिसतो. मध्यरात्री डोक्यावर 'शुक्र' पाहिल्याचे कुणी सांगितले, तर तो बहुधा गुरू असतो.

'तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत' हे शालेय वाक्यही अर्धेच खरे आहे. ग्रहाचे बिंब बिंदूपेक्षा थोडे मोठे असल्याने त्याचा प्रकाश स्थिर भासतो. पण तोच ग्रह क्षितिजालगत असला, की हवेच्या जाड थरातून येणारा त्याचा प्रकाशही थरथरतो, रंग बदलतो. अशा वेळी तेजस्वी शुक्राला किंवा गुरूला कुणी विमानाचा दिवा समजतो, कुणी परग्रहावरची तबकडी.

सीमेवरील एक प्रसंग

हा भ्रम किती सहज होऊ शकतो, याचे एक बोलके उदाहरण लडाखच्या सीमेवर घडले. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांना आकाशात अनोळखी तेजोगोल दिसत होते. ती शेजारी देशाची टेहळणी करणारी मानवरहित विमाने असावीत, असा संशय होता. जवानांनी अशा ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तूंनी प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडल्याचे वाटले. अखेर भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारणा करण्यात आली. त्यांनी निरीक्षणे पडताळून सांगितले की, ते गुरू आणि शुक्र होते. जुलै २०१३ मध्ये हे वृत्त प्रसिद्ध झाले.

काही वृत्तपत्रांनी या प्रसंगाची चेष्टा केली. ती अनुचित होती. हाडे गोठविणाऱ्या थंडीत, उंचावरील विरळ आणि स्वच्छ हवेत, जिथे ग्रह अधिकच तेजस्वी भासतात, तिथे उभ्या असलेल्या जवानाने प्रत्येक प्रकाश संशयाने पाहावा हे त्याचे कर्तव्यच होय. या प्रसंगातून शिकण्यासारखे आहे ते पुढचेच. जवानांनी पाहिले ते शिस्तीने नोंदविले, निष्कर्ष काढण्याआधी जाणकारांना विचारले आणि उत्तर मिळताच ते मान्य केले. गच्चीवर उभे राहून निरोप पुढे पाठविणाऱ्या सुशिक्षित नागरिकाने यांतले एक तरी पाऊल उचलले असते का?

नांदगावचे पितापुत्र

कोकणात मुरूडजवळ नांदगाव नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे केशव दैवज्ञ राहत होते. त्यांच्यापुढे एक अडचण होती. निरनिराळ्या सिद्धांतग्रंथांप्रमाणे गणित केले की ग्रहांची निरनिराळी स्थाने येत. सर्व ग्रंथ पूज्य, सर्व आचार्य थोर. मग खरे कोणते? केशवांनी हा प्रश्न आकाशाला विचारला. ग्रहांचे वेध घेतले, गणित आणि दर्शन यांतील फरक नोंदविला आणि लिहून ठेवले की, पुढेही असे अंतर पडत जाईल. त्या त्या काळच्या जाणत्या गणकांनी ग्रहांच्या युती, उदय, अस्त प्रत्यक्ष पाहून गणित दुरुस्त करावे.

या शब्दांवर थोडे थांबले पाहिजे. ज्या युतीची आणि अस्ताची आज भीती घातली जाते, तीच युती आणि तोच अस्त केशवांच्या दृष्टीने गणित तपासण्याची संधी होती. दोन ग्रह जवळ आले की त्यांचे स्थान अचूक मोजता येते, म्हणून त्यांना युती हवी होती. आकाश तेच, घटना तीच. एक माणूस घाबरून दार लावतो, दुसरा मोजमाप घेऊन अंगणात उभा राहतो.

केशवांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. क्लिष्ट ज्या-चापांचे गणित टाळून, सोप्या रीतीने ग्रहस्थाने काढण्याची त्यात सोय होती. पुढे कित्येक शतके पंचांगकर्ते त्यावरून पंचांगे करीत आले. पण काळ लोटला आणि ग्रहलाघवाच्या गणितातही अंतर पडू लागले. तेव्हा, केशवांनी सांगून ठेवले होते त्याप्रमाणेच, महाराष्ट्रातील विद्वानांनी पंचांगशोधनाचा आग्रह धरला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ सिद्ध करून या साऱ्या परंपरेचा साधार इतिहास मांडला. लोकमान्य टिळकांनी पंचांग दृक्प्रत्ययाशी जुळलेच पाहिजे ही बाजू घेतली. दृक्प्रत्यय म्हणजे गणिताने सांगितलेले डोळ्यांना दिसणे. जे दिसत नाही ते गणित, मग ते कितीही जुन्या पोथीतले असो, सुधारले पाहिजे, हा त्या शब्दाचा अर्थ.

या परंपरेचे दर्शन आजही घडते. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो, कुंभ राशीत आला की हरिद्वारी कुंभमेळा. बारा वर्षांचा अवधी आपण सवयीने बोलतो; प्रत्यक्षात गुरूची एक प्रदक्षिणा बारा वर्षांना थोडी कमी पडते. म्हणून २०१० नंतर हरिद्वारचा कुंभ २०२२ ऐवजी २०२१ मध्येच घ्यावा लागला. तेथे सवय हरली आणि आकाश जिंकले. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो, तीन राशींची साडेसात. 'साडेसाती' या धास्तीच्या शब्दामागेही मुळात हे निरीक्षणच आहे. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. मंगळाला अंगारक हे नाव कुणीतरी त्याचा रंग पाहूनच दिले. आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगितले की, ग्रहांचा सूर्याकडील अर्धा भाग उजळलेला असतो आणि उरलेला स्वतःच्याच छायेने अंधारलेला. असे पूर्वज ज्यांना लाभले, त्यांनी बिनसालाच्या निरोपावर विश्वास ठेवावा, हे त्या पूर्वजांचे स्मरण नव्हे.

कित्येकदा अशा अफवांना 'आपल्या शास्त्रात हे आधीच सांगितले आहे' अशी पुस्ती जोडली जाते. ती जोडणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. अफवा खोटी ठरते तेव्हा तिच्याबरोबर शास्त्राचे नावही खाली येते आणि गच्चीवरचे ते मूल दोन्ही गोष्टी एकदमच टाकून देते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने म्हणूनच अधिक काटेकोर असायला हवे.

एक छोटासा संकल्प

यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. घरात पंचांग असतेच. त्यात ग्रहांच्या राशी, युती, उदय, अस्त दिलेले असतात. महिन्यातून एकदा त्यातील एक नोंद निवडावी आणि सहकुटुंब गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात जाऊन ती आकाशात शोधावी. शाखा, वाचनालय, शाळा, महिला मंडळ यांनी अशी एखादी संध्याकाळ ठरवावी. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास डोळे पुरेसे आहेत. नांदगावच्या पितापुत्रांपाशी दुर्बीण नव्हती. ग्रहांविषयी कुणाचा निरोप आला, तर त्यातील साल पाहावे, तिथी पाहावी आणि मग आकाश पाहावे. तोवर तो पुढे पाठवू नये.

१९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळ प्रतियुतीत असेल. सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. तो दिवस शिवजयंतीचा आहे. त्या दिवसांत तेजस्वी गुरूही संध्याकाळी पूर्वेच्याच आकाशात असेल. मंगळाचे बिंब २००३ पेक्षा लहान, चौदा विकलांच्या आसपास असेल, अंतर सुमारे दहा कोटी किलोमीटर. तो चंद्राएवढा दिसणार नाही. तो मंगळाएवढाच दिसेल. त्या रात्री एखादे मूल वडिलांचा हात धरून गच्चीवर जाईल आणि विचारेल, "बाबा, मंगळ कुठे आहे?" वडिलांनी बोट दाखवावे आणि सांगावे, "तो बघ, तो तांबूस. तिथवर आपले यान पोहोचले होते."